बंदरातला मुक्काम
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनाला कोणी तरी चार शब्द बोलावेत, ही आपल्या मंडळाची रीत आहे. यंदा ते काम माझ्याकडे आले आणि मी विषय घेतला तो समुद्रप्रवासाचा. लोह्यात उभे राहून समुद्राविषयी काय बोलणार, असे कोणाच्या मनात आले असेल तर त्यात नवल नाही. सरळ रेषेत मोजले तरी इथून समुद्र चारशे किलोमीटरांहून अधिक दूर. आपल्या जवळचा म्हणून समुद्र एकच, कंधारचा जगत्तुंग समुद्र, आणि तोही राष्ट्रकूटांच्या काळचा तलाव. एरवी पाणी म्हटले की आपल्याला आठवते ती विहीर, हापसा, लिंबोटीचे धरण, आणि फार तर नांदेडची गोदामाई.

परंतु आज मला जे सांगावयाचे आहे त्याला समुद्र हे केवळ निमित्त आहे. सांगावयाचे आहे ते मुक्कामाविषयी. आणि मुक्काम म्हणजे काय ते आपल्याला कोणी शिकवावयास नको. आषाढीच्या दिंड्या आपण जन्मभर पाहत आलो. दिंडी चालते ती मुक्कामांच्या आधाराने. अमुक गावी दुपारची भाकरी, अमुक गावी रात्रीची पाठ टेकायची, तिथे पायांचे फोड बघायचे, चपलेचा अंगठा शिवून घ्यायचा आणि पहाटे पुन्हा वाट धरायची. वाटेत थांबला म्हणून वारकऱ्याची वारी मोडली, असे कोणी म्हणत नाही. हीच गोष्ट समुद्रावर कशी घडते ते पाहू.

भारतीय नौदलातील दोन स्त्रिया, लेफ्टनंट कमांडर दिलना के. आणि लेफ्टनंट कमांडर रूपा ए., २ ऑक्टोबर २०२४ रोजी गोव्याहून ‘तारिणी’ नावाच्या शिडाच्या नौकेतून निघाल्या. एक केरळातील कोझिकोडेची, दुसरी पुदुच्चेरीची. पृथ्वीला प्रदक्षिणा घालून त्या २९ मे २०२५ रोजी गोव्याला परत आल्या. जवळजवळ आठ महिने, आणि अंतर २५,४०० सागरी मैल, म्हणजे सुमारे सत्तेचाळीस हजार किलोमीटर. नौकेवर तिसरे माणूस नाही. नौका केवढी, तर छप्पन्न फूट लांब. आपल्या गावातील एखाद्या मध्यम वाड्याच्या ओसरीइतकी! ही नौका बांधली गेली गोव्यातच, रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात. तिला पुढे नेणारा तो वारा. इंजिन असते, पण ते बंदरात शिरताना, निघताना आणि अडीअडचणीला. प्रदक्षिणा म्हणून मोजले जाते ते शिडावर कापलेले अंतर.

पश्चिमेकडच्या देशांत पतिपत्नी मिळून अशी छोटी नौका घेऊन वर्षानुवर्षे हिंडतात, बंदरोबंदरी थांबतात. आपल्याकडे ते अजून फारसे रुजलेले नाही. ही जोडी मात्र दोन सहकाऱ्यांची होती. जगाच्या फेरीवर निघण्यापूर्वी त्या दोघी गोव्याहून मॉरिशसपर्यंत जाऊन परत आल्या होत्या. दोनच माणसे असली की संसार कसा चालतो, ते तुम्हाला सांगायला नको. एक झोपली की दुसरीने जागावयाचे. झोपणारीने आपला जीव जागणारीच्या हाती ठेवावयाचा. आजारी पडले तरी सुट्टी नाही. रुसवाफुगवा झाला तर जाऊन बसायला दुसरी खोली नाही आणि शेजारीणही नाही.

या फेरीत त्यांचे चार मुक्काम ठरलेले होते: ऑस्ट्रेलियात फ्रीमँटल, न्यूझीलंडमध्ये लिटलटन, अटलांटिक महासागरात फॉकलंड बेटांवरचे पोर्ट स्टॅन्ली आणि दक्षिण आफ्रिकेत केपटाऊन. यांपैकी तिसऱ्या मुक्कामाविषयी मी सांगणार आहे, कारण ते ठिकाण सर्वांत लहान आणि त्याच्या आधीची वाट सर्वांत कठीण.

४ जानेवारी २०२५ रोजी त्या लिटलटनहून निघाल्या. पुढचा टप्पा सुमारे १०,४०० किलोमीटरांचा. त्याला दीड महिना लागला. सरासरी काढली तर ताशी नऊ-दहा किलोमीटर, म्हणजे आपला पोरगा सायकलवर शाळेला जातो ती चाल. या चालीने, रात्रंदिवस, पृथ्वीवरील सर्वांत ओसाड पाण्यातून. ३० जानेवारीला त्या ‘पॉइंट निमो’ नावाच्या जागेवरून गेल्या. महासागरातील ही जागा अशी आहे की तिथून सर्वांत जवळची जमीन सुमारे २,६८८ किलोमीटरांवर आहे. अवकाशात फिरणारे अंतराळस्थानक पृथ्वीपासून चारशे किलोमीटर उंचीवर असते. तेव्हा ते डोक्यावरून जात असताना त्यातील माणसे या दोघींना सर्वांत जवळची माणसे ठरतात! तिथून त्यांनी पाण्याचे नमुने घेतले, गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेसाठी. म्हणजे तेवढ्या एकांतातही नेमून दिलेले काम चुकविले नाही.

पुढे दक्षिण अमेरिकेचे शेवटचे टोक, केप हॉर्न. तिथे दोन महासागर मिळतात, वाऱ्याला अडवायला जमीन नसते, आणि पश्चिमेकडून येणाऱ्या लाटा पृथ्वीभोवती जणू मोकाट धावत असतात. या टप्प्यात त्यांना ताशी नव्वद किलोमीटरांहून अधिक वेगाचे वारे आणि सात मीटर उंचीच्या लाटा भेटल्या. सात मीटर म्हणजे दुमजली घर. असे घर मागून अंगावर येते, नौका त्याच्या डोक्यावर चढते, पलीकडे घसरते, तोवर दुसरे येते. १५ फेब्रुवारीला त्यांनी केप हॉर्न ओलांडले आणि तीन-चार दिवसांत पावणेआठशे किलोमीटरांवरचे पोर्ट स्टॅन्ली गाठले.

हे पोर्ट स्टॅन्ली म्हणजे काय? फॉकलंड बेटांचा विस्तार बारा हजार चौरस किलोमीटरांच्या आसपास, आपल्या नांदेड जिल्ह्याहून थोडा मोठा. आता २०११ च्या शिरगणतीत आपल्या जिल्ह्याची वस्ती तेहेतीस लाखांवर होती. तिथे सगळ्या बेटांवर मिळून माणसे साडेतीन हजारांच्या आसपास, आणि त्यांतील बहुतेक या एका गावात राहणारी. म्हणजे राजधानी खरी, पण आपल्या लोह्यापुढे वाडीच. मेंढ्या मात्र लाखांनी. झाड सहसा दिसत नाही, कारण वारा कधी पडत नाही. घरांना रंगीत पत्र्याची छपरे. पूर्वी चुलीला लाकूड मिळत नसे, म्हणून दलदलीत वर्षानुवर्षे कुजून झालेली काळी माती विटांसारखी कापून, वाळवून जाळीत. आपल्या गोवऱ्यांची बहीणच म्हणा ना! १९८२ साली या बेटांवरून अर्जेंटिना आणि ब्रिटन यांच्यात ७४ दिवस लढाई झाली, तेव्हा जगाने हे नाव ऐकले. पण दर्यावर्दी लोकांना ते नाव फार जुन्या काळापासून ठाऊक होते. केप हॉर्नच्या तडाख्यातून वाचलेले जहाज आसऱ्याला यायचे ते इथेच. बंदराचे तोंड अरुंद आहे आणि आत पाणी लांबट पसरले आहे, चहूकडून जमिनीने वेढलेले. बाहेर समुद्र कितीही खवळला तरी आत जहाज उभे राहू शकते.

बंदर लागले म्हणजे विश्रांती, फिरणे, खरेदी, असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात अशा मुक्कामात पहिले काम असते कागदपत्रांचे. परक्या देशाचे अधिकारी येतात, माणसे कोण, सामान काय, फळे-भाजी-मांस काही शिल्लक आहे का, हे पाहतात. बेटावर बाहेरची कीड येऊ नये म्हणून ही काळजी. मग नौकेची तपासणी. डोलकाठीला ताणून धरणाऱ्या तारा एकेक करून पाहावयाच्या, कारण एक तार तुटली तर डोलकाठी जाते, आणि डोलकाठी गेली की सगळे गेले. कोणी तरी दोरावर बसून टोकापर्यंत चढावयाचे. शिडे उतरवून, पसरून, उसवलेल्या शिवणी शोधावयाच्या. हे काम तुम्हा-आम्हाला लगेच कळेल. धडोत्याला एक टाका उसवला तेव्हाच घातला तर ठीक, नाही तर दुसऱ्या दिवशी हातभर फाटते. सुकाणू, इंजिनाचे तेल, विजेच्या तारा, पाणी उपसण्याचा पंप, सगळे हाताखालून जाते. खाऱ्या पाण्याने ओली झालेली अंथरुणे आणि कपडे गोड्या पाण्यात काढल्याशिवाय वाळतच नाहीत, कारण मीठ हवेतला ओलावा ओढून घेते.

आणि मग बेगमी. पुढचा टप्पा पुन्हा एक महिन्याचा. किती पीठ, किती तांदूळ, किती डाळ, किती गॅस, याचा हिशेब करून भरावयाचे, कारण समुद्रावर शेजारच्या घरी वाटी घेऊन जाता येत नाही. उन्हाळ्यात आपण येसर करून डबा भरून ठेवतो, कुरडया वाळवितो, तेव्हा पुढच्या पावसाळ्याचा विचार करतो. तीच विद्या, पण एक वस्तू विसरली तर महिनाभर तिच्यावाचून राहावयाचे. जागा तर पाहिलीच तुम्ही, ओसरीएवढी. सामान कोठे ठेवले आहे ते अंधारात, नौका एका कुशीवर कललेली असताना, हाताला सापडले पाहिजे.

हे सगळे झाल्यावरही निघता येतेच असे नाही. हवामान पाहावयाचे. वारा अनुकूल होईपर्यंत थांबावयाचे. दुरुस्ती झाली आहे, डबे भरले आहेत, मन पुढे धावते आहे, आणि तरी धक्क्यावर बसून राहावयाचे, याला मी तर धैर्यच म्हणेन. दिलना आणि रूपा फेब्रुवारीत पोर्ट स्टॅन्लीला पोचल्या, आणि एप्रिलच्या आरंभी केपटाऊनला होत्या. तिथून हिंदी महासागर ओलांडून घरी.

आता याच बंदराची दुसरी एक गोष्ट ऐका. ‘ग्रेट ब्रिटन’ नावाचे एक लोखंडी जहाज ब्रुनेल या प्रसिद्ध इंजिनियराने बांधले. १८४३ साली ते पाण्यात उतरले तेव्हा त्याच्या तोडीचे जहाज जगात नव्हते. हजारो माणसांना त्याने ऑस्ट्रेलियाला नेले. १८८६ साली केप हॉर्नच्या वादळात ते मोडले आणि आसऱ्यासाठी फॉकलंडला आले. दुरुस्तीचा खर्च परवडेना. तेव्हा ते तिथेच विकून टाकले गेले आणि त्याचे कोठार झाले. लोकर ठेवा, कोळसा ठेवा. पन्नास वर्षे त्याने सामान सांभाळले. मग तेही जमेनासे झाले तेव्हा १९३७ साली त्याला जवळच्या एका खाडीत नेऊन उथळ पाण्यात बसविले. चालते जहाज दुरुस्तीला म्हणून आले, आणि कोठार होऊन बसले.

भगिनींनो, ही गोष्ट वाचली तेव्हा मला आपल्या ओळखीच्या किती तरी जणी आठवल्या. तुम्हालाही आठवत असतील. शिकत असलेली मुलगी घरात अडचण आली म्हणून ‘एक वर्ष थांब’ असे सांगून थांबविली जाते. बाळंतपणासाठी नोकरी सोडलेली सून ‘मूल मोठे झाले की बघू’ या शब्दावर थांबते. थांबणे दोघींचेही गरजेचे असते. पण दुरुस्ती कोणी करीत नाही, शीड कोणी शिवीत नाही, वारा कोणी पाहत नाही, आणि हळूहळू घरातील सगळे सामान तिच्यावर रचले जाते. तीही ते सांभाळते. पन्नास वर्षे सांभाळते. पुढे ‘ही पूर्वी चालणारी होती’ हेसुद्धा लोक विसरतात.

त्या जहाजाचे पुढे काय झाले तेही सांगते. १९७० साली इंग्लंडातील काही लोकांनी मनावर घेतले, त्याला तराफ्यावर चढविले आणि अटलांटिक ओलांडून ब्रिस्टलला नेले. ज्या गोदीत ते बांधले गेले त्याच गोदीत त्याला परत आणून उभे केले. चौऱ्याऐंशी वर्षांनी! उशीर झाला, पण कोणी तरी मनावर घेतले.

बंदर एकच. एका नौकेला त्याने दुरुस्त करून पुढे पाठविले, दुसरीचे कोठार केले. फरक पडला तो बंदरात काय घडले यामुळे.

ठरलेल्या मुक्कामाची गोष्ट मी सांगितली. न ठरलेलाही मुक्काम असतो. याच ‘तारिणी’वरून पूर्वी, सप्टेंबर २०१७ मध्ये, नौदलाच्या सहा स्त्रिया वर्तिका जोशी यांच्या नेतृत्वाखाली जगाच्या फेरीला निघाल्या होत्या. त्यांच्या प्रशिक्षणात आपले दिलीप दोंदे यांचा मोठा वाटा होता. हे दोंदे म्हणजे २००९-१० साली एकट्याने शिडाच्या नौकेतून पृथ्वीप्रदक्षिणा करणारे पहिले भारतीय. त्यांनीही चार ठिकाणी मुक्काम केले होते. त्या सहाजणी पोर्ट स्टॅन्लीला सुमारे दोन आठवडे थांबल्या, केपटाऊन झाले, आता थेट गोवा. आणि घर हाकेच्या अंतरावर आले असे वाटत असता सुकाणूची यंत्रणा बिघडली. त्यांनी काय केले? एप्रिल २०१८ मध्ये नौका मॉरिशसच्या पोर्ट लुई बंदरात नेली. हा थांबा वेळापत्रकात नव्हता. दुरुस्ती झाली, पुन्हा शिडे चढली, आणि २१ मे २०१८ रोजी त्या गोव्याला पोचल्या. खुद्द संरक्षणमंत्री निर्मला सीतारामन स्वागताला धक्क्यावर उभ्या होत्या. ‘मध्येच का थांबलात?’ असे कोणी विचारले नाही. फेरी पूर्ण म्हणूनच लिहिली गेली.

जाता जाता सांगते, हे मॉरिशस आपल्याला अगदीच परके नाही. दीडशे वर्षांपूर्वीच्या काळात मजुरीसाठी तिकडे गेलेल्या मराठी कुटुंबांची लेकरे-नातवंडे तिथे आहेत, आणि गणेशचतुर्थीला तिथे सार्वजनिक सुट्टी असते. ती माणसेही कधी काळी जहाजातूनच त्या बंदरात उतरली होती. त्यांना मात्र परतीचे वारे मिळाले नाहीत. त्यांनी तिथेच घर केले आणि गणपती बसविला.

आता आपल्या गावाकडे येऊ. आज आपल्या लोह्याच्या आणि आसपासच्या वाड्यावस्त्यांच्या मुली नांदेडला, लातूरला, संभाजीनगरला, पुण्याला शिकावयास जातात. नोकरीला जातात. लग्न होऊन तर जातातच. त्यांतील एखादी मध्येच परत येते. परीक्षा राहिली असेल, नोकरी सुटली असेल, प्रकृती बिघडली असेल, सासरी काही बिनसले असेल. ती पेटी घेऊन बसमधून उतरते, आणि स्टँडपासून घरापर्यंत येईतो तिला चार ठिकाणी एकच प्रश्न ऐकावा लागतो: ‘काय ग, परत आलीस?’ विचारणारी वाईट नसते. सवयीने विचारते. पण त्या प्रश्नात निकाल लागलेला असतो. फेरी संपली, असे आपण तिला रस्त्यातच सांगून टाकतो. मग ती घराबाहेर पडत नाही, आणि ज्या मुक्कामात तिची दुरुस्ती व्हावयाची त्याच मुक्कामात ती खचते.

माझे म्हणणे एवढेच आहे की तो प्रश्न आपण बदलावा. ‘परत आलीस?’ याऐवजी ‘किती दिवस आहेस? काय लागेल?’ असे विचारावे. बंदरातला माणूस हेच विचारतो. पाणी हवे का, तेल हवे का, सुतार पाठवू का? वादळात तुझेच चुकले असेल, असे तो म्हणत नाही. ती चौकशी करण्याची त्याला गरजच नसते, कारण समोर उसवलेले शीड त्याला दिसत असते.

आणि हे एकटीदुकटीने करण्यापेक्षा मंडळाने करणे सोपे. आपल्याकडे मंडळाची खोली आहे, शिवणयंत्रे आहेत, वाचनाची पुस्तके आहेत, हिशेब जाणणाऱ्या, बँकेचे कागद भरता येणाऱ्या, डॉक्टरांकडे सोबत जाणाऱ्या बायका आहेत. आठवड्यातील एक संध्याकाळ अशी ठेवावी की त्या दिवशी माहेरी थांबलेल्या मुलींनी यावे. कोणी का आली ते विचारू नये. एखादीला अर्ज भरून हवा असेल, एखादीला परीक्षेचा अभ्यास करावयास शांत कोपरा हवा असेल, एखादीला नुसते बसावयाचे असेल. तिचा वारा फिरला की ती निघेल. निघताना आपण शिदोरी बांधून द्यावी. ती कोणत्या दिशेने जाते ते तिने ठरवावे. सासरी, शाळेत, नोकरीत की आणखी कोठे, हे बंदराने ठरवावयाचे नसते.

एक गोष्ट मात्र लक्षात असू द्यावी. आसरा देणे सोपे, पाठविणे कठीण. मुलगी घरात असली की हाताखाली होते, दळणकांडण होते, लहानग्यांना सांभाळते. नकळत आपण तिच्यावर सामान रचू लागतो. चांगल्या, मायाळू घरातसुद्धा जहाजाचे कोठार होते, आणि ते प्रेमानेच होते. म्हणून मंडळात कोणी तरी अशी हवी की जी सहा महिन्यांनी जाऊन आईला हळूच विचारील, ‘काय हो, ताईंचे जाण्याचे कधी?’

पोर्ट स्टॅन्लीच्या माणसांनी काही पृथ्वीप्रदक्षिणा केलेली नाही. त्यांतील पुष्कळांचा जन्म वाऱ्याशी झुंजण्यात जातो. पण ज्या नौका केप हॉर्नवरून येऊन तिथे थांबल्या आणि पुढे गेल्या, त्यांच्या प्रदक्षिणेत त्या गावाचा वाटा आहे. आपणही बहुतेकजणी इथून फार लांब जाणार नाही. पण आपल्या खोलीत थांबून गेलेली एखादी मुलगी पुढे कोठे तरी पोचली, तर त्या पोचण्यात लोह्याचाही वाटा राहील. मंडळाच्या नव्या वर्षात एवढे काम आपण हाती घ्यावे, अशी विनंती करते.